पीठ निजलंय

लोकांना संध्याकाळ रोजच्या रोज आयती मिळते, म्हणून तिचं कुणाला काही वाटत नाही. कामावरून सुटायचं, पाय मोकळे करायचे, कुणाच्या तरी दारात उभं राहून गप्पा छाटायच्या आणि वर म्हणायचं, "आजची संध्याकाळ काही खास गेली नाही बुवा." असलं काही कानावर आलं की पाववालीला वाटे, या माणसाला धरून आठवडाभर आपल्या बेकरीत उभा करावा. म्हणजे कळेल, संध्याकाळ कशाशी खातात ते.

पाववाली आणि तिचा नवरा पाववाला यांचा दिवस रात्री दीडला सुरू होई. उजाडायच्या आत पहिला पाव भट्टीतून बाहेर यायला हवा, कारण उजाडताना दुकानापुढे रांग लागे आणि रांगेतली माणसं पाव मिळेपर्यंत माणसांत नसत. त्यामुळे संध्याकाळी पाचला यांचं रात्रीचं जेवण, सहाला शटर खाली आणि सातच्या ठोक्याला पाववाला गाढ. यात अतिशयोक्ती काही नाही. हातात पाण्याचा पेला असला तर पेला हातात तसाच राही आणि हा झोपलेला. त्यांचं लग्न सकाळी लागलं होतं आणि पाहुण्यांचं जेवण संध्याकाळी ठेवलं होतं. त्या जेवणाचा फोटो अजून गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे. नवी नवरी डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघतेय आणि नवरदेव तिच्या खांद्यावर मान टाकून ढाराढूर. गिऱ्हाइकं विचारत, "काय हो, लग्नातसुद्धा?" पाववाला उत्तर देत नसे. तो कशालाच फारसं उत्तर देत नसे. गल्लीत त्याला घुम्या म्हणत, आणि त्यालाही त्याने कधी हो-नाही केलं नव्हतं.

नवरा झोपला की पाववाली पाव भाजायचे पत्रे घासत बसे. तेवढ्या वेळात शटरच्या फटीतून जेवढी संध्याकाळ आत येईल तेवढी तिची. कुणीतरी हसल्याचा आवाज, चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज, कुणाच्या तरी बायकोचं "अहो, जरा हळू चाला ना." शेवटचं ऐकलं की ती पत्रा घासायचा थांबवून कान देई. संध्याकाळी सातनंतर तिने आपल्या नवऱ्याशी एक वाक्य बोललेलं नव्हतं. पंचवीस वर्षांत नाही. पत्रे घासून झाले की तीही आडवी होई, आणि दीडला सगळ्यांत आधी उठे, कारण पिठाकडे आधी तिला बघावं लागे.

पिठाचा एक कायदा होता. तो सासूबाईंनी घालून दिला होता आणि सासूबाई गेल्यावर तर तो आणखीनच कडक झाला. मळून, झाकून फुगायला ठेवलेल्या पिठाला सासूबाई 'निजलेलं पीठ' म्हणत. निजलेल्या पिठाला हलवायचं नाही, त्याच्याजवळ ओरडायचं नाही, दार आपटायचं नाही. मध्येच उठवलं तर ते मोडतं, आणि मोडलेल्या पिठाचा पाव जन्मभर रुसलेला राहतो. मग उठवायचं कधी? तर बोटाने हळूच दाबायचं. खड्डा टणकन वर आला, तर अजून निजू द्या. खड्डा रेंगाळत, आळस देत वर आला, तर झालं. एकदा शेजारच्या दुकानाला आग लागली आणि बंबवाले धाडधाड बेकरीत शिरायला लागले, तेव्हा हा घुम्या दारात आडवा उभा राहून म्हणाला होता, "हळू. पीठ निजलंय." त्या दिवशी शेजाऱ्याची फळी जळाली, पण पाव मात्र सुरेख झाला.

अशा या जोडप्याला त्यांच्या लेकीने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन तिकिटं आणून दिली. संध्याकाळची सहल, शहरातून थेट समुद्रकाठच्या गावी. चारला बस सुटणार, माहिती सांगायला सोबत गाइड, किनाऱ्यावर सूर्यास्त, मग सगळ्या किनाऱ्याचे दिवे लागतात तो सोहळा, आणि परत.

"आई, दोघांनी दुपारी झोपायचं हं," लेकीने बजावलं. "बाबा तिथे जाऊन झोपले तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"मी त्यांना झोपू देते होय!" पाववाली म्हणाली. तिने तिकिटं तीनदा उलटसुलट करून पाहिली. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही समुद्र नव्हती. एक अख्खी संध्याकाळ हवी होती, आणि तिच्यात जागा असलेला नवरा.

दुकानावर पाटी लागली: उद्या पाव मिळणार नाही. गल्लीत हलकल्लोळ उडाला. एका गिऱ्हाइकाने तर आवाज खाली आणून विचारलं, "घरात कुणी गेलं का?"

"अजून नाही," पाववाली म्हणाली. "उद्या जाणार आहोत. दोघंही. समुद्रावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाववाला हुकमाप्रमाणे झोपला. झोप हा त्याच्या हातचा मळ होता. पाववालीच्या मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. ती एकदा उठली आणि नवे कपडे नीट बघून आली, एकदा उठली आणि डबा भरून आली, एकदा उठली ती उगीचच. मग वाटलं, आता काय झोपायचं, बस चुकेल. चारच्या बससाठी ती तीनला नवऱ्याला हाताला धरून थांब्यावर उभी होती, आणि तिथे तिसरं माणूस नव्हतं.

गाइड म्हणजे पिवळी टोपी घातलेली एक तुडतुडीत मुलगी होती. तिच्या हातात माइक होता आणि माइक नसता तरी चाललं असतं.

"काका-काकू, तुमची सीट अकरा आणि बारा! खिडकी कुणाला?"

"मला," पाववाली म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन बसली ती तोंड बाहेर काढूनच. बारा नंबर तिचा.

बस शहरातून निघाली आणि गाइड माहिती सांगू लागली. हा जुना पूल, हे नाट्यगृह, ही घड्याळाची इमारत. बाकीची मंडळी माना वळवून पूल बघत होती. पाववाली रस्ता बघत होती. शाळा सुटलेल्या मुली एकमेकींच्या वेण्या ओढत चालल्या होत्या. कचेऱ्यांच्या दारांतून माणसं बाहेर पडत होती आणि बाहेर पडताच त्यांचे खांदे सैल होत होते. एक म्हातारा खुर्ची घेऊन फुटपाथवर येऊन बसला, काही न करता, नुसता. आणि सावल्या! तिच्या ओळखीच्या सावल्या पहाटेच्या, त्या दुसऱ्या बाजूला पडत. इथे तर खांबांच्या सावल्या रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरत होत्या.

"अहो, बघा ना! अहो, तो बघा, गच्चीवर पतंग! अहो, ती दोघं बघा, हातात हात घालून! इथे, भर रस्त्यात!"

"हं," पाववाला म्हणाला. पण तो बघत होता. पाववालीने चोरून खात्री करून घेतली. डोळे उघडे होते.

पाच वाजले तसा तिने डबा उघडला, कारण पाचला जेवायचं असतं. तुपावर भाजलेला पाव आणि बटाट्याचे काप यांचा वास बसभर फिरला आणि गाइडचं वाक्य मध्येच तुटलं. मागच्या सीटवरून एक चष्मेवालं डोकं पुढे आलं.

"पहिल्यांदाच येताय वाटतं? मी सातव्यांदा. बटणांचं दुकान आहे माझं. एवढुसा तुकडा चालेल मला."

पाववालीने एवढुसा म्हणून मोठासा दिला. बटणवाल्या बाई खाता खाता गुपित सांगावं तशा कुजबुजल्या, "आता सोडत निघेल बघ. दिवे पेटवायचं बटण असतं ना किनाऱ्यावर, ते दर संध्याकाळी बसमधलंच कुणीतरी एक दाबतं. जन्मभर बटणं विकली गं मी, पण हे एक बटण काही हाताला लागलं नाही. सहा वेळा आले, सहा वेळा दुसऱ्याचं नशीब."

तेवढ्यात गाइडने टोपी काढली. टोपीत सीटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या होत्या. "मंडळी! आता ज्यांचा नंबर निघेल त्यांच्या हाताने आज सगळा किनारा उजळणार! पण नियम आहे हं. भोंगा वाजला की मी नंबर पुकारणार. नंबरवाले बटणाच्या चौथऱ्यावर हजर नसले, तर दुसरी चिठ्ठी!"

बटणवाल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. गाइडने हात घातला, ढवळला, चिठ्ठी उघडली.

"बारा!"

पाववालीला काही कळलंच नाही. ती इकडेतिकडे बघू लागली, की कोण हा भाग्यवान. तेव्हा घुम्याने, ज्याने शाळेतही कधी हात वर केला नसेल त्याने, हात वर केला. "आमचा," तो म्हणाला. मग जरा थांबून, बोट बायकोकडे करून म्हणाला, "हिचा."

बसने टाळ्या वाजवल्या. बटणवाल्या बाईंनीही वाजवल्या, जरा उशिरा. पाववालीचे कान तापले. तिने नवऱ्याचा हात इतका जोरात दाबला की त्याने पाव खाली टाकला.

"अहो, तुम्ही जागे राहाल ना? मी बटण दाबताना? बघाल ना?"

"हं."

"नुसतं हं नको."

पाववाल्याने विचार केला. "बघेन," तो म्हणाला.

मग बोगदा आला, मग मिठाची पांढरी शेतं आली, मग बस एका वळणावर वर चढली आणि गाइड म्हणाली, "आता सगळ्यांनी उजवीकडे," आणि उजवीकडे समुद्र होता. बसमधल्या मोठ्या माणसांनी लहान मुलांसारखा आवाज काढला. पाववाली ओरडली नाही. तिने नुसता नवऱ्याच्या गुडघ्यावर हात आपटला, पुन्हा पुन्हा, आणि तो ते निमूट सोसत राहिला.

समुद्रकाठच्या गावात सगळं सुट्टीवर आल्यासारखं होतं. खाद्यपदार्थांच्या गाड्या, भाड्याच्या सायकली, रंगीत छत्र्या, पाण्यात कपड्यांसकट शिरलेली मंडळी. किनाऱ्याच्या मधोमध एक गोल चौथरा होता, आणि त्यावर एक खांब, आणि त्या खांबावर पेटीत ते बटण, लालभडक, बशीएवढं. दिवेवाला त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. पाववाली जवळ जाऊन ते बघून आली. तिने पेटीला हातही लावून पाहिला. मग चौथऱ्यापासून फार दूर नको म्हणून समोरच वाळूत दोघं बसली.

इथवर सगळं ठीक होतं. पण सूर्य खाली उतरू लागला आणि पाववाल्याची मानही त्याच्याबरोबर उतरू लागली.

"अहो!"

"हं? जागा आहे."

"आलं चघळा." तिने पुडीतून आलं काढलं. त्याने चघळलं आणि मान पुन्हा कलली. तिने ओल्या रुमालाने त्याचं तोंड पुसलं, चिमटा काढला, लेक लहान असताना पिठाच्या पोत्यात कशी पडली होती ते सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे दुकानाच्या शटरसारखे हळूहळू खाली येत होते. पुन्हा तो फोटोच होणार की काय?

मग तिला युक्ती सुचली. "उठा. चपला काढा, पँट वर करा आणि पाण्यात जाऊन उभे राहा. पाण्यात उभा असलेला माणूस झोपत नाही."

पाववाला उठला. बायकोने सांगितलेलं ऐकण्यात त्याचा हातखंडा होता. तो पोटरीभर पाण्यात जाऊन उभा राहिला, हात मागे बांधून, शिक्षा झालेल्या मुलासारखा, तोंड समुद्राकडे करून. लाट आली की जरासा दचके. म्हणजे जागा होता. पाववाली त्याच्या चपला मांडीवर घेऊन त्याच्यावर पहारा करत बसली. आता काही काळजी नव्हती. सूर्य अजून हातभर वर होता. तिने टेकायला म्हणून एक हात मागे वाळूत ठेवला.

वाळू गरम होती. दिवसभराचं ऊन पिऊन बसली होती, भट्टीशेजारच्या पिठाच्या पोत्यांसारखी. त्या पोत्यांवरच ती पंचवीस वर्षं झोपत आली होती, आणि तिच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. तिने दुसरा हातही टेकला. मग कोपर. नवरा तिथे पाण्यात उभा होता, आता एक क्षणभर पाठ टेकायला काय हरकत आहे, असं काहीसं तिच्या मनात येत होतं, पण ते पूर्ण यायच्या आतच ती झोपली.

तिला जाग आली ती शांततेने. गोंगाटात झोपणारी माणसं आवाज बंद झाला की जागी होतात. तिने डोळे उघडले तर आकाश जांभळं झालं होतं आणि आजूबाजूला अंधार दाटत होता. आणि त्या अंधारात माणसं उभी होती. तिच्याभोवती अर्धं रिंगण करून, गुपचूप. आयांनी लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवले होते. गाइड टोपी हातात धरून, मान खाली घालून उभी होती.

'मेले,' पाववालीच्या मनात आलं. 'गेलेच मी. काल थट्टा केली ती भोवली.'

मग तिला पाववाला दिसला. तो तिच्या उशाशी उकिडवा बसला होता, ओल्या पँटमध्ये, आणि त्याचे डोळे टक्क उघडे होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"काय झालं? किती वाजले? अहो, सूर्य?"

"गेला."

"गेला?" ती ताडकन उठून बसली. केसांतून वाळू गळली. "आणि दिवे? माझं बटण? अहो, मला उठवायचं नाही का! आणखी पंचवीस वर्षांनी आणणार आहात का मला परत?" तिला रडूच फुटलं, आणि राग इतका आला की हातातली त्याची चप्पल तिने त्यालाच मारायला उगारली.

"दिवे थांबलेत," पाववाला म्हणाला.

"काय?"

"तुझ्यासाठी थांबलेत. चल."

तेव्हा कुठे तिने नीट पाहिलं. अख्खा किनारा अंधारात होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दिवा नव्हता. गाड्यांवरच्या चुली तेवढ्या लुकलुकत होत्या, आणि माणसंच माणसं उभी होती, शेकड्याने, चौथऱ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत. "उठल्या, उठल्या!" अशी कुजबुज मागेपर्यंत गेली आणि मग कुणीतरी मोठ्याने "उठल्या!" म्हटलं आणि सगळा किनारा एकदम बोलू लागला.

पाववाली धावली. कधी नाही अशी धावली, एका पायात चप्पल, हातात नवऱ्याच्या दोन. लोकांनी वाट करून दिली. दिवेवाल्याने तिला हात देऊन चौथऱ्यावर घेतलं. "लवकर दाबा हो, काकू," तो म्हणाला, "माझी नोकरी जाईल." तिने बटणावर दोन्ही तळवे ठेवले, पीठ दाबावं तसे, आणि अंगातला सगळा जोर लावला.

आधी चौथरा उजळला. मग दोन्ही बाजूंना दिवे धावत सुटले, खांबावरून खांबावर, छत्र्यांवर, गाड्यांवर, धक्क्याच्या कठड्यावरून पार टेकडीपर्यंत, आणि पाण्यात तेवढेच दुसरे. लोक ओरडले. गाइड माइक न लावता ओरडली. पाववालीच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तिने फार वेळ दिवे पाहिले नाहीत. ती वळली. चौथऱ्याखाली पाववाला उभा होता, त्याच्या तोंडावर लाल-पिवळा उजेड पडला होता, आणि तो जागा होता. सात केव्हाच वाजून गेले होते आणि तिचा नवरा जागा होता. इतकं बरं दिसतं का हे माणूस दिव्यांत, तिला वाटलं. आणि हे आपल्याला आज कळतंय!

"बघितलंत?" तिने वरूनच ओरडून विचारलं.

"बघितलं," तो म्हणाला.

मग त्यांनी काय केलं नाही! आइस्क्रीम खाल्लं, दोघं किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि पाववाली मुद्दाम, हौसेने म्हणाली, "अहो, जरा हळू चाला ना." तो हळू चालला. सूर्य बुडताना कसा दिसला, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने बराच विचार करून सांगितलं, "काढायला जरा उशीर झालेल्या पावासारखा. पण चांगला." तिला ते पुरेसं वाटलं. चुकलेल्या सूर्याची हळहळ तिला पुढे कित्येक दिवस राहिली, पण त्या संध्याकाळी नाही.

परतीच्या बसमध्ये पाववाला सीटवर टेकला, "झालं?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला. फोटोत होता तसाच. बस हलायच्या आत.

मागून चष्मेवालं डोकं पुढे आलं.

"झोपले? झोपू दे बाई, झोपू दे. फार दमलाय तो माणूस. तुला काही माहीत आहे का, काय काय झालं ते?"

"काय झालं?"

"अगं, भोंगा वाजला. या पोरीने पुकारलं, बारा नंबर! तर हा गडी पाण्यातून धावत आला आणि थेट तिच्या माइकवर हात ठेवला. म्हणे, ओरडू नका, निजलीय. ती म्हणाली, मग उठवा ना काका. तर म्हणे, नाही, मोडतं. काय मोडतं, काही सांगेना. मग हिने दुसरी चिठ्ठी काढली. नियमच आहे. आणि कुणाचा नंबर निघाला असेल?"

पाववाली मान वळवून बाईंकडे बघू लागली.

"माझा! सातव्या खेपेला! मी चढले की चौथऱ्यावर. बटणावर हात ठेवणार, तर हा समोर उभा. हात जोडले नाहीत, काही नाही, नुसता उभा. आणि बोलायला लागला. मला वाटलं होतं मुका आहे. म्हणाला, 'ताई, पंचवीस वर्षं मी हिच्या आधी झोपतो आणि हिच्या नंतर उठतो. ही झोपलेली कशी दिसते, मला माहीत नव्हतं. आज पहिल्यांदा बघतोय. थोडं बघू द्या. आपली आपण उठली की तीच येऊन बटण दाबेल. तिला फार हौस आहे.'" बटणवाल्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "आता सांग, मी काय दाबणार होते? खाली उतरले आणि लोकांना गप्प करायला लागले. दिवेवाला तणतणत होता, त्यालाही मीच गप्प केला. आणि हा दर थोड्या वेळाने तुझ्याजवळ जायचा, एक बोट तुझ्या गालाला लावायचा, आणि आमच्याकडे बघून मान हलवायचा, अजून नाही म्हणून. ते काय गं? तुमच्यात असं करतात का?"

"हो," पाववाली म्हणाली. गालावर हात ठेवून ती तशीच बसून राहिली. आपण उगारलेली चप्पल तिला आठवली आणि हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"पुढच्या खेपेला पाव घेऊन येते मी तुमच्यासाठी," ती शेवटी म्हणाली. "अख्खी लादी."

"आठव्या खेपेला," बाई म्हणाल्या. "आणि बटण माझं."

बस शहराच्या वाटेला लागली होती. पिवळी टोपी सीटवरून उठली, माइक तोंडाशी नेला, फुंकर मारून पाहिली. "तर मंडळी! कशी वाटली आपली आजची..."

पाववालीने एक हात वर केला. मग खांद्यावरच्या गालात बोटाचं टोक हळूच दाबलं. खड्डा टणकन वर आला.

"अजून नाही," तिने मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

गाइडने माइक बंद केला. बटणवाल्या बाई मागे वळल्या आणि सीटमागून सीट निरोप शेवटपर्यंत गेला: हळू बोला, पाववाला निजलाय.